के, आर आणि शेवटी एक

बस इथे, येसेनिया. हात गळ्यात आहे ना, मग पाठ तरी टेकव.
हे माझ्या भावाचं घर.
खुराड्याएवढंच, पण छपराच्या लाकडी खपल्या
मी स्वतः ठोकल्यात.
आमच्या चिलोए बेटावर रस्त्यात गेलेल्याला
रस्त्याकडेलाच घर देतात.
आत रुबेलिंदोचा फोटो, एक कप, सायकलची घंटी.

विचारतेस, आता काय करायचं.
आधी सांग, डॉक्टरला सगळं दाखवलंस ना?
नुसता हात नाही. डोकं, पोट.
आपल्याला काही झालं नाही, असं त्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं.
रुबेलिंदो उठून बसला होता म्हणे.
"सायकल बघा," म्हणाला.
मग आडवा झाला.

पळालेल्याच्या मागे धावली नाहीस, बरं केलंस.
आठवतंय ते लिही. आजच.
उद्या तुझं डोकंच त्या गाडीला रंग देत बसेल.
राखाडी होती म्हणतेस.
पावसात पांढरीही राखाडीच दिसते,
तेव्हा "राखाडी, किंवा भिजलेली" असं लिही.
नंबर अर्धा असेल तर अर्धा.
पाववाल्याच्या एलिसेरला दिसलं एवढंच:
के, आर आणि शेवटी एक.
त्याने पिठाळ टेबलावर बोटाने लिहून ठेवलं
आणि बापाने सवयीने फडकं फिरवलं.
तरी पोराने चौकीत तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तेच.

काच उचलू नकोस. शेजारी नाणं ठेव, फोटो काढ.
शाळेच्या बसला पुढे कॅमेरा असतो,
ड्रायव्हरला आजच गाठ, आठवड्याने सगळं पुसलं जातं.
गॅरेजांत विचार, डावा दिवा कुणी बदलला?
चौकीत कागद देतील, त्यावर एक आकडा असेल.
पाठ कर तो.
पुढे तिथे तुला नावाने कुणी हाक मारणार नाही.

हे सगळं मी पाळलं. दोन हिवाळे.
कागदावर नसतं ते हे, की
मी आता माणसांच्या तोंडाकडे आधी बघत नाही.
फेरीबोटीच्या रांगेत, चर्चबाहेर, बारशाला,
आधी बंपर.
चुलतभाऊ नवी गाडी घेऊन आला,
मिठी मारण्याआधी मी गाडीला फेरी घातली.
त्याला कळलं. तो काही बोलला नाही,
पण परत आलाही नाही.

भिंतीवरच्या या नंबराच्या पाट्या बघितल्यास?
ड्रायव्हर आणून टांगतात.
बर्फातून सुखरूप आलो, कर्ज फिटलं, मूल वाचलं,
म्हणून जुन्या गाडीची पाटी.
नवस बोलतात रुबेलिंदोला,
ज्याला साधी स्कूटर येत नव्हती.

गेल्या गुरुवारी सकाळी चौदावी पाटी होती.
के. आर.
मधलं वाचलंच नाही, थेट शेवटाला गेले.
एक.

दोन भोकांतून नवी कोरी तार.
खाली मेणबत्ती, अर्धीच जळलेली,
म्हणजे तासाभरापूर्वी कुणीतरी इथे,
तू बसलीस तिथेच, गुडघे टेकून.

अशा पाट्या बेटावर कितीतरी असतील,
सार्जंट मेल्गारेखो म्हणतोच.
असेलही कुणाचा खराखुरा नवस.

मी काय केलं?
तुला सांगितलं तेच.
हात लावला नाही. नाणं ठेवलं. फोटो काढला.
सहा वाजून चाळीस मिनिटं, असं लिहिलं.
लिहिता लिहिता खाडीकडून वारा आला
आणि मेणबत्ती विझली.
काडेपेटी खिशात होती, असतेच.
राहू दिली खिशात.

हं. पेन घे.
राखाडी, किंवा भिजलेली.
पुढे?